बोलताना हातांचं काय करायचं?

लोकांसमोर उभं राहून बोलायची वेळ आली की हा प्रश्न हमखास पडतो. एरवी दिवसभर आपल्याला आपल्या हातांची आठवणही नसते. ते दार उघडतात, केस सारखे करतात, फोनवर बोलताना आपोआप हवेत फिरतात. माइकसमोर गेलं की मात्र एकदम जाणवतं, आपल्याला दोन हात आहेत आणि ते ठेवायला कुठे जागाच नाही. मग कुणी ते पाठीमागे बांधतं, कुणी खिशात कोंबतं, कुणी पोडियमच्या कडा इतक्या घट्ट धरतं की बोटांची पेरं पांढरी पडतात.

नव्याने भाषण करू पाहणाऱ्यांचा मी सराव घेते. पहिल्या दिवशी हा प्रश्न आला नाही, असं अजून झालेलं नाही. विचारणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी ठरलेलं उत्तर असणार: हात अमुक उंचीवर, कोपर तमुक कोनात. मला वाटतं, उत्तर उलट्या बाजूने शोधायला हवं. हातांना त्यांचं काम नीट येतं. घाबरल्यावर आपणच त्यांना अडवून धरतो. देहबोली सुधारायची म्हणजे शरीराला नवनवीन हावभाव शिकवायचे, असा समज आहे. माझा अनुभव असा की बरंचसं काम शरीराला मोकळं करण्याचं असतं.

आधी त्या 55 टक्क्यांबद्दल

‘संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 टक्के आणि देहबोलीचा 55 टक्के’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 सालच्या दोन अभ्यासांतून आले. त्यांत भाषणं नव्हतीच, सुटे शब्द होते. एका अभ्यासात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, सोबत वेगवेगळ्या भावांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल काय भावना असेल, ते ओळखायला सांगितलं. सूर एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी माणसं कशावर भिस्त ठेवतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. हे सूत्र भावना आणि आवडीनिवडी व्यक्त करण्यापुरतंच आहे, असं मेहराबियन यांनी स्वतः नंतर स्पष्ट केलं. सगळ्याच बोलण्याला ते लागू असतं, तर परक्या भाषेतलं व्याख्यान नुसतं बघूनही आपल्याला जवळजवळ सगळं कळलं असतं.

हे मी एवढं सविस्तर सांगते, कारण या आकड्यांमुळे नुकसान होताना पाहिलंय. शब्द फक्त 7 टक्के म्हटल्यावर माणसं भाषण नीट लिहीत नाहीत आणि आरशासमोर हातवारे घोटत बसतात. मजकूर पक्का नसला की त्याची काळजी शरीरावर दिसतेच.

त्या अभ्यासातला खरा धडा वेगळा आहे. शब्द आणि चेहरा यांचं जुळलं नाही, तर ऐकणारा चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. ‘तुमच्याशी बोलायला मिळतंय याचा मनापासून आनंद आहे,’ हे वाक्य कागदात डोकं खुपसून वाचलं तर ऐकणाऱ्याला आनंद दिसत नाही, कागद दिसतो. देहबोलीचं पहिलं काम एवढंच, की तिने शब्दांना खोटं पाडू नये.

शरीर थरथरतं तेव्हा

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. अंगाचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि चौथा मनातून शरीरावर उमटणारा. या चौथ्याखाली आठ सात्त्विक भाव येतात: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. जागच्या जागी थिजणं, घाम फुटणं, काटा येणं, आवाज चिरकणं, कंप सुटणं, चेहरा पांढरा पडणं, डोळे भरून येणं आणि शुद्ध हरपणं. ही यादी रंगमंचासाठी आहे, पण मला ती वाचताना दर वेळी पहिल्यांदा माइकसमोर आलेला माणूस आठवतो. सभाकंप हा मराठी शब्दही त्यातल्या कंपावरूनच उभा आहे.

यामागचं शरीरशास्त्र समजून घेतलं की निम्मी भीती निवळते. मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं आणि मोठ्या स्नायूंकडे रक्त वळतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. लाळ कमी होते, म्हणून घसा कोरडा पडतो. स्वरयंत्राचे स्नायू ताणले जातात आणि आवाज नेहमीच्या पट्टीच्या वर जातो. ही सगळी पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी आहे. आपण मात्र एका जागी उभं राहून ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणत असतो. तयार झालेल्या स्नायूंना काही कामच मिळत नाही, ते थरथरतात.

आता एक छोटी गोष्ट जवळून पाहू. वक्त्याच्या हातात साधा पातळ कागद आहे. त्याच्या बोटांचा कंप इतका बारीक आहे की पहिल्या रांगेतूनही दिसला नसता. पण कागद एका कडेला धरलाय, त्याची दुसरी कड लांब आणि मोकळी आहे. बोटं जरा हलली की ती कड कितीतरी जास्त हलते. वर कागद फडफडतो आणि माइक तो आवाज टिपतो. वक्ता तो ऐकतो, आपण घाबरलोय हे सगळ्यांना कळलं असं त्याला वाटतं आणि कंप वाढतो. हे सगळं टाळायला पुठ्ठ्यासारखं जाड छोटं कार्ड पुरतं. नाहीतर कागद पोडियमवर ठेवावा आणि हात सोडून द्यावेत. लेझर पॉइंटरचं तेच. भिंतीवर नाचणारा लाल ठिपका पाहिला की माझा जीव त्या वक्त्यासाठी हळहळतो. शक्य असेल तर पडद्याजवळ जाऊन बोटानेच दाखवावं.

श्वासाचंही थोडं सांगते. घाबरल्यावर श्वास उथळ होतो आणि वाक्य संपायच्या आधी हवा संपते. बोलायला उठण्यापूर्वी पाच-सहा वेळा श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवा. सोडताना हृदयाची गती किंचित उतरते, त्याचा आधार मिळतो. आणि ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावू नका. ॲलिसन वूड ब्रुक्स यांच्या 2014 सालच्या अभ्यासात भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांचं भाषण ऐकणाऱ्यांना सरस वाटलं. ते पटण्यासारखं आहे. धडधड भीतीतही असते, उत्सुकतेतही असते. तिला एकदम थांबवण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं.

याच्याही वर मी एक गोष्ट ठेवते. आपल्याला वाटतं तितकं आपल्या आतलं बाहेर दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये हे भाषण करणाऱ्यांवर तपासून पाहिलं. आपण किती घाबरलेले दिसतो याचा वक्त्यांचा अंदाज ऐकणाऱ्यांना प्रत्यक्ष जाणवलेल्या घबराटीपेक्षा जास्त होता. पुढे ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी समजावून सांगितली, त्यांचं भाषण त्यांना स्वतःलाही आणि ऐकणाऱ्यांनाही जास्त चांगलं वाटलं. नुसतं माहीत असल्याने एवढा फरक पडतो, म्हणून मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे सांगते.

कमरेवर हात ठेवून, छाती काढून दोन मिनिटं उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि धीर येतो, असा एक सल्लाही फार फिरतो. तो 2010 च्या एका अभ्यासावर आधारलेला आहे. त्यात 42 जण होते. 2015 मध्ये 200 जणांवर तो पुन्हा करून पाहिला तेव्हा संप्रेरकांत तसा बदल दिसला नाही. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी 2016 मध्ये जाहीरपणे सांगितलं की या परिणामावर आता आपला विश्वास नाही. ताठ उभं राहून बरं वाटत असेल तर जरूर उभं राहा. संप्रेरकांच्या भरवशावर मात्र राहू नका.

हात विचारही करतात

जन्मापासून दृष्टी नसलेली मुलं बोलताना हातवारे करतात का? जेना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी 1998 मध्ये याचा अभ्यास केला. करतात. कुणाचे हातवारे कधीही न पाहिलेली मुलं हात हलवत बोलतात. समोरच्या व्यक्तीलाही दिसत नाही हे माहीत असलं तरी हलवतात. म्हणजे हातवारे फक्त समोरच्याला दाखवण्यासाठी नसतात. विचाराला शब्दांत आणण्याच्या कामातच हातांचा वाटा आहे. हात बांधून ठेवले की बोलणंही अडखळल्यासारखं होतं, असं मला वर्गात अनेकदा दिसलंय.

स्वतः करून बघा. बुटाची नाडी कशी बांधायची, ते समोर बूट नसताना एखाद्याला तोंडी समजावून सांगा. दुसऱ्या वाक्याला हात वर आलेले असतील. बोटं न दिसणारी नाडी धरतील, फास करतील, त्यातून टोक ओढतील. कोणता हातवारा कुठे, हे कुणी शिकवावं लागलं नाही. शब्दाच्या जरा आधी हात निघतो आणि शब्दाबरोबर तो पोचतो, हेही लक्षात येईल. घोटून बसवलेले हातवारे म्हणूनच ओळखू येतात. तिथे शब्द आधी येतो आणि हात मागून धावतो.

1969 मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी शरीराच्या हालचालींची वर्गवारी मांडली. वक्त्याच्या कामाचे त्यातले दोन गट. एक, बोलण्याचा अर्थ चितारणाऱ्या हालचाली: आकार, दिशा, चढ, उतार. दुसरा, स्वतःला धीर देणाऱ्या हालचाली: अंगठी फिरवणं, पेनाचं टोपण उघडझाप करणं, ओढणी सारखी करत राहणं, मानेला हात लावणं. पहिल्या गटाला मोकळीक द्यायची, दुसऱ्याला निमित्त मिळू द्यायचं नाही. माझं पहिलं रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा मला कळलं, की आठ मिनिटं माझा डावा अंगठा पेनाच्या टोपणावर चालला होता. बोलताना याचा मला पत्ताही नव्हता. त्या दिवसापासून मी बोलताना हातात काही धरत नाही.

मग हात ठेवायचे कुठे? विसाव्याला पोटासमोर, एक तळहात दुसऱ्यावर सैल. बोटांची गुंफण नको, ती एकदा घट्ट झाली की सुटता सुटत नाही. नाहीतर सरळ बाजूला सोडा. सुरुवातीला ते फार विचित्र वाटतं, दिसताना मात्र अगदी सहज दिसतं. समोर बरेच लोक असतील तर हातवारा खांद्यापासून मोठा करा. कोपरं बरगड्यांना चिकटवून फक्त मनगटं हलवली तर मागच्या रांगेला नुसती वळवळ दिसते.

इथे एक बारकावा मोठमोठे वक्तेही चुकतात. आपला डावा हात म्हणजे समोरच्याचा उजवा. ‘आधी असं होतं, नंतर तसं झालं’ हे हाताने दाखवताना आपण स्वतःच्या डावीकडून उजवीकडे जातो. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या श्रोत्यांना तो काळ उलटा वाहताना दिसतो. वाढीचा चढता आलेखही त्यांच्याकडून उतरता दिसतो. म्हणून काळ दाखवताना स्वतःच्या उजवीकडून सुरुवात करावी. आठवडाभर सराव केला की अंगवळणी पडतं.

पाय आणि नजर

पायांकडे कुणी लक्ष देत नाही, पण डोलणं तिथूनच सुरू होतं. दोन पावलांत कंबरेएवढं अंतर, वजन दोन्हींवर सारखं आणि गुडघे किंचित सैल. एवढ्याने निम्मं डोलणं थांबतं. चालायचं असेल तर कारणाने चाला. एक मुद्दा संपला, दोन-तीन पावलं टाकली, थांबलात आणि मग पुढचा मुद्दा सुरू केला, की ऐकणाऱ्याला परिच्छेद बदलल्याचं कळतं. पिंजऱ्यातल्यासारख्या सतत येरझाऱ्या घातल्या तर लोक मुद्दा सोडून पावलं मोजू लागतात.

नजरेबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले इथेच मिळतात. ‘मागच्या भिंतीकडे बघा’, ‘लोकांच्या कपाळाकडे बघा’, ‘नजर इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात फिरवा’. असं करणारा वक्ता दीपस्तंभाच्या झोतासारखा फिरतो आणि कुणालाच भेटत नाही. एका माणसाकडे बघा, त्याला एक विचार पूर्ण सांगा आणि मगच दुसऱ्याकडे वळा. त्या तीन-चार सेकंदांत तो माणूस मान हलवतो, भुवया उंचावतो, कधी गोंधळलेला दिसतो, आणि तुम्हाला पुढचं वाक्य कसं बोलायचं ते कळतं. समोर पाचशे माणसं असली तरी हेच चालतं. दूरच्या एका माणसाकडे पाहिलं की त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांनाच वाटतं, आपल्याशी बोलताहेत.

कागद बघावा लागणारच. त्याची एक साधी शिस्त आहे: बघताना बोलायचं नाही, बोलताना बघायचं नाही. खाली बघा, वाक्य डोळ्यांनी उचला, मान वर करा, कुणाच्या तरी नजरेला नजर मिळवा आणि मग तोंड उघडा. मधली शांतता वक्त्याला असह्य वाटते, आणि तसं वाटायला कारण आहे. 2009 मध्ये दहा भाषांतल्या गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी साधारण 0.2 सेकंदांचं अंतर निघालं. एवढ्या कमी वेळेची सवय असलेल्या कानाला दोन सेकंदांचा विराम म्हणजे युग वाटतं. म्हणून आपण तो ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ने भरून टाकतो. ऐकणाऱ्याला मात्र तेवढा वेळ हवाच असतो, आत्ताच ऐकलेलं मनात बसवायला.

लक्ष कुठे आहे हे शरीर कसं सांगून टाकतं, याचं एक उदाहरण मी नेहमी देते. 15 ऑक्टोबर 1992, रिचमंड, अमेरिकेतली अध्यक्षपदाची जाहीर चर्चा. श्रोत्यांमधली एक महिला उमेदवारांना विचारत होती, की देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी बसली. त्याच सुमारास जॉर्ज बुश यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. बिल क्लिंटन यांची पाळी आली तेव्हा ते त्या महिलेच्या दिशेने चालत गेले, तिच्याकडे बघत तिलाच प्रश्न विचारला आणि मग उत्तर दिलं. ती चर्चा आठवणाऱ्यांना तिथले आर्थिक मुद्दे क्वचित सांगता येतात. घड्याळ आणि ती काही पावलं मात्र आठवतात.

चेहऱ्याबद्दल फार काही सांगत नाही. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी 1862 मध्येच नोंदवलं होतं, की ओठांचं हसू हुकमी आणता येतं, डोळ्यांभोवतीचं सहसा येत नाही. तेव्हा ओढूनताणून हसू नका. ज्या ओळीवर तुम्हाला खरंच हसू येतं, तिथे ते दाबू नका.

समोरच्यांची देहबोली वाचतानाही जरा जपून. हाताची घडी घातली म्हणजे विरोध आहे, असं नसतं. त्या माणसाला थंडी वाजत असेल किंवा खुर्चीला हातच नसतील. नुसतं बघून आणि ऐकून खरं-खोटं ओळखण्यात माणसं किती बरोबर येतात, याचा 2006 मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून आढावा घेतला गेला. उत्तर निघालं सुमारे 54 टक्के. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. एखादी खूण धरून बसू नका. सगळ्या दालनातच चुळबुळ सुरू झाली तर तेवढं मात्र गंभीरपणे घ्या: वेग बदला, उदाहरण द्या किंवा थांबून विचारा.

आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, हे विसरू नये. काही जणांना नजरेला नजर देणं खरोखर त्रासाचं असतं. कुणी व्हीलचेअरवरून बोलतं, कुणाचा हात उचलला जात नाही. त्यांनी इतरांची नक्कल करायची गरज नाही. विराम, आवाजातला चढउतार, श्रोत्यांकडे वळलेलं धड, यातलं जे आपलं आहे ते वापरावं.

व्हिडिओ कॉलवर एकच बदल सगळ्यात जास्त कामाचा: कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि थोडे मागे बसा, म्हणजे हात चौकटीत दिसतील. महत्त्वाचं वाक्य कॅमेऱ्याकडे बघून बोला. बाकीचा वेळ चेहऱ्यांकडे पाहिलंत तरी चालेल.

सराव

डेमॉस्थेनिस हा प्राचीन ग्रीसचा मोठा वक्ता. त्याला बोलताना खांदा उडवायची सवय होती. ती मोडायला तो वर टोकदार शस्त्र टांगून त्याखाली सराव करायचा, अशी कथा जुन्या ग्रंथांत आहे. आपल्याजवळ फोन आहे. पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि तीनदा पाहा. आधी आवाज बंद करून: शरीर काय करतंय? मग पडदा पालथा घालून नुसतं ऐका: विराम कुठे आहेत, वाक्याचा शेवट विझतो का? शेवटी दोन्ही एकत्र. त्यातली एकच सवय निवडा आणि पंधरा दिवस फक्त तिच्यावर काम करा. पाच गोष्टी एकदम सुधारायला गेलं की सगळं लक्ष स्वतःवरच राहतं आणि अंग पुन्हा आखडतं.

सरावात खुर्चीतून उठून माइकपर्यंत जाणंही धरा. लोक तुम्हाला तेव्हापासूनच बघत असतात. जा, उभे राहा, पाय टेकवा, एक श्वास सोडा, एका चेहऱ्याकडे बघा, मग पहिला शब्द. तसंच शेवटी. पुष्कळ जण शेवटचं वाक्य बोलता बोलताच कागद गोळा करतात आणि ‘धन्यवाद’ म्हणेपर्यंत अर्धे वळलेले असतात. शेवटचा शब्द उच्चारला की दोन सेकंद तिथेच थांबा, नजर समोर, हात सैल. टाळ्या येऊ द्या. मग कागद उचला आणि जागेवर जा.